घड्याळजी काकांचा कप

हॅलो?… हो, चर्चच… मीच बोलतेय, रविवारी उपदेश गाते ती… कोण? कोपऱ्यावरची बेकरीवाली? अगं, आवाजच ओळखला नाही! एवढी धापा का टाकतेयस?

घड्याळजी काका? इथे? नाही गं… आज मंगळवार, इथे फक्त मी आणि झाडू.

काय? कप खुंटीवरच आहे म्हणजे?… सावकाश सांग… हां… तुझ्या बेकरीत चहाला ज्याचा कप त्याच्या खुंटीवर, बरं… रोज साडेआठला काका आपला उतरवून घेतात… आणि आता अकरा वाजले. अगं, डोळा लागला असेल! म्हातारं माणूस… कधीच नाही? तापातसुद्धा आले होते?

रविवारी? रविवारी होते की… थांब. नव्हते. त्याच्या आधीच्या… ओरडू नकोस गं, मोजतेय ना!… सात. सात रविवार.

चौकशी… नाही केली. मला वाटलं, रुसलेत… का म्हणजे? माझ्यामुळे. ऐक ना… आमच्याकडे उपदेश कीर्तनासारखा, मी ओळी गाते, मग सगळ्यांनी ध्रुवपद उचलायचं. तर काका दरवेळी अर्धी ओळ आधीच सुरू! जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि स्वतः कायम पुढे. पोरं फिदीफिदी हसायची. मग एकदा मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काका, तुम्ही नुसतं ऐका."

हो गं, हो… जीभ झडली असती तर बरं… तुझ्याकडे काही बोलले होते? काय म्हणाले?… "तिथे आता माझं काम नाही"?

अगं, मी रडत नाहीये. तू बोल.

थांब, मीच जाऊन बघते. नोंदवहीत पत्ता असेल… हे बघ… घड्याळजी… घड्याळजी, तिसरा बाक. बस्स. अकरा वर्षं येतायत, आणि आम्ही काय लिहिलंय, तर तिसरा बाक!

तू त्यांच्या जिन्यावरच आहेस? आणि दुकान कुणावर टाकलंस?… गिऱ्हाइकांवर? पोस्टमन पाव देतोय?… बरं, बरं, तू चढ. फोन ठेवू नकोस मात्र. तुझ्या पाया पडते, ठेवू नकोस.

पोचलीस?… वाजव. अजून जोरात… आतून कुलूप?… शेजारची काय म्हणते? कालपासून दिवा चालूच?… देवा… कुलूपवाल्याला सांगितलंस? अर्धा तास? अगं, अर्ध्या तासात काय काय… दार फोडा ना! मजबूत आहे म्हणून काय झालं, लाथा घाला!

हाक मारून बघितलीस?… काहीच नाही?

देवा, माझं ते वाक्य त्यांच्या कानातलं शेवटचं नको रे ठरू देऊ…

ऐक. फोन दाराच्या फटीला लाव. स्पीकरवर टाक. मी गाते… आता कसली लाज? चूप कर सगळ्यांना.

"हाक तुझी ओळखीची…
 वाट तुझी ओळखीची…"

आलं काही?… नीट कान लाव… नाही?… पुन्हा गाते.

"हाक तुझी ओळखीची…
 वाट तुझी—"

थांब! कोण गायलं? तू?… शेजारीण?… मग कोण? अगं, मी "वाट"वर होते, ध्रुवपद अजून यायचं होतं… अर्धी ओळ आधी! तेच! तेच गं, काकाच आहेत!

पडलेत? दाराजवळच?… पाय हलत नाही… काय मागतायत, पाणी?… शेजारणीला तिच्या गॅलरीतून आत जाऊ दे, आधी कसं सुचलं नाही! डॉक्टरला फोन कर… केलास? कधी? येतानाच?… धन्य आहेस बाई तू.

आणि काकांना सांग… सांग, गाणारी बाई म्हणते, सात रविवार ध्रुवपद कुणी उचलतच नाहीये. सगळे एकमेकांची तोंडं बघतात. सांग, ते आधी उचलायचे म्हणून बाकीच्यांना धीर व्हायचा… हे मला… हे मला आता कळतंय… काय म्हणाले? हसले? खरंच हसले?

मी निघाले. हा बघ, पायात चपला. पण येऊ कुठे गं? घर कुठलं?… हॅलो?… कुठली गल्ली?… हॅलो? हॅलो?

गेला वाटतं फोन…

बेकरीत जाते. तिथे कुणीही सांगेल.