बाईसाहेबांची डावी बाजू

(आत्याच्या घराची पडवी. आत्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. समोर अंगणात खुंट्याला बांधलेली गाढवीण.)

मुलगी : ...आणि मग सरळ चालता चालता गेली चरात. पाचच्या पाच पेट्या पाण्यात. एकेक लिंबू वेचून आणलंय मी, आत्या. आता कोणी प्रेमानं सरबत दिलं तरी मी रडेन.

आत्या : कुठल्या चरात?

मुलगी : वाटेच्या कडेच्या. काल तिथेच, परवा तिथेच. एवढी रुंद वाट सोडून बाईसाहेबांना चरातूनच जायचं असतं.

आत्या : दोर आखूड धर म्हणून सांगितलं होतं तुला.

मुलगी : आखूड धरला की माझ्या पायावर पाय देते. लांब सोडला की चरात जाते. मधे धरला की उभी राहते, आणि एकदा उभी राहिली की संपलं. सकाळी अर्धा तास आम्ही दोघी एका बनियनपुढे उभ्या होतो.

आत्या : कसल्या बनियनपुढे?

मुलगी : शेजारच्या काकांनी कुंपणावर वाळत घातलेल्या. वाऱ्यानं जरा फडफडलं, झालं. जणू काही वाघच आला.

आत्या : बारा दिवस झाले. सातवीतली घोडी झालीस, एक गाढव आवरता येईना तुला.

मुलगी : तुला सहा वर्षांत आलं? तुझा हात काय मी मोडला?

आत्या : तोंड आवर.

मुलगी : बरं, चुकलं. पण मला घरी जायचंय. बाबांना फोन करते. तुझी सायकल पण नको मला. अख्खी सुट्टी नासवून मिळालेली सायकल घेऊन करू काय, शाळेत जाऊ?

आत्या : फोन करायची गरज नाही. आज तिचा सोक्षमोक्ष लागतोय. चार वाजता वीटभट्टीवाला येतोय न्यायला.

मुलगी : कुठे न्यायला?

आत्या : भट्टीवर. अजून कुठे, फिरायला?

मुलगी : तिथे काय करणार ती?

आत्या : विटा वाहणार. इथे लिंबं वाहत होती.

मुलगी : तिथली गाढवं बघितलीत मी, बसमधून येताना. पाठीवर केसच नव्हते त्यांच्या.

आत्या : मग मी काय करू, सांग ना. एवढीशी होती तेव्हा आणली. पाच वर्षं नाव ठेवायला जागा नव्हती. यंदा थंडी सरली आणि हिच्या अंगात आलं. लाथा काय, अडून बसणं काय. मला दारापर्यंत फरफटत नेलं. आणि आत्ता तूच म्हणालीस ना, घरी जायचंय? मग जा दोघी आपापल्या वाटेनं.

मुलगी : मी तसं नव्हते म्हणाले.

आत्या : पाणी पाजलंस तिला?

मुलगी : पाजलं. म्हणजे आधी बादली लवंडली तिनं, मग दुसरी आणून पाजलं. रोज लवंडते. मी रोज तिथेच ठेवते, दाराच्या... थांब.

आत्या : आता काय?

मुलगी : बादली डावीकडे असते.

आत्या : मग?

मुलगी : चर पण डावीकडे. जाताना.

आत्या : आणि येताना?

मुलगी : येताना उजवीकडे. येताना कधीच नाही पडत. मला वाटायचं, पाठ रिकामी असते म्हणून. आणि कुंपण... कुंपण पण डावीकडेच आहे. आत्या, हात मोडला तेव्हा तू हिच्या कुठल्या बाजूला होतीस?

आत्या : ते आता कोणाला आठवतंय.

मुलगी : दोर उजव्या हातात होता ना? म्हणजे ती तुझ्या उजवीकडे. म्हणजे तू तिच्या डावीकडे.

आत्या : एवढं डोकं गणितात चालवलं असतंस तर तुझा बाप सुखी झाला असता.

मुलगी : तू बसून राहा. नुसतं बघ. ही माझी टोपी. उजवीकडून नेते. मान वळवली, बघितलंस? आता फिरून डावीकडून. बोलू नकोस.

आत्या : मागे हो, लाथ मारेल.

मुलगी : श्श. टोपी तिच्या डोळ्याला टेकायची बाकी आहे, आत्या. पापणीसुद्धा नाही लवली. सकाळचं बनियन तिला दिसलंच नसणार, नुसती फडफड ऐकू आली असणार.

आत्या : झोपली असेल.

मुलगी : उभ्यानं गवत खातेय. हात लावला असता ना आत्ता, तर लाथ बसली असती. नक्की बसली असती. कोणी न सांगता अंगाला हात लावला तर मी पण मारेन.

आत्या : तिच्याशी बोलत कपाळावरचे केस वर कर जरा. काय दिसतंय?

मुलगी : डोळा आहे. नीट आहे तसा. मधोमध पांढरा ठिपका आहे. तांदळाएवढा.

आत्या : थंडीत पाणी यायचं त्यातून. आठवडाभर. मिठाच्या पाण्यानं धुतला मी. लिंबाचा काटा लागला असणार. तोडणी चालू होती तेव्हा, श्वास घ्यायला वेळ नव्हता. मग पाणी थांबलं. मला वाटलं, बरा झाला.

मुलगी : डॉक्टरांना नाही दाखवलंस?

आत्या : नाही दाखवलं. झालं समाधान?

भट्टीवाला : आहेत का ताई? चार म्हणालो, चारला हजर. टेम्पो बाहेर लावलाय. अच्छा, हीच का ती. जनावर अंगानं भरलेलं आहे, बरं का.

आत्या : भाऊ, एक सांगायचं राहिलं. डावा डोळा गेलाय हिचा. आत्ताच कळलं.

मुलगी : पूर्ण गेलाय. काही म्हणजे काही दिसत नाही. फार खोडसाळ पण आहे. तुम्हाला खूप त्रास होईल.

भट्टीवाला : त्याचं काय एवढं, बाळ. आमच्याकडे डोळ्याचं काम नसतं. पुढच्या गाढवाच्या मागे बांधायचं, ते चालतं तसं हे चालतं. चुकलं की काठी असतेच.

आत्या : कुठल्या बाजूनं?

भट्टीवाला : काय कुठल्या बाजूनं?

आत्या : काठी.

भट्टीवाला : काठीला कसली आलीय बाजू, ताई. हात पोचेल तिकडून.

आत्या : मी आधी दाखवायचे. दाखवली की घाबरेल, मारावी लागणार नाही म्हणून. चार महिने दाखवतेय मी. हिला दिसतच नव्हती. नुसती लागत होती.

मुलगी : आत्या, तुला कुठे माहीत होतं.

भट्टीवाला : तेच म्हणतो मी. मनाला लावून घेऊ नका. मी नेतो, तुमच्या डोक्याचा ताप जातो.

आत्या : नाही न्यायची.

भट्टीवाला : सकाळी तुम्हीच म्हणालात फोनवर. आजच्या आज न्या, वाटेत सोडा पण न्या.

आत्या : म्हणाले खरी. चूक झाली. तुमची खेप वाया गेली, भाऊ. पेटीभर लिंबं घेऊन जा.

मुलगी : चरातली आहेत. धुऊन घ्या.

भट्टीवाला : राहू द्या लिंबं. पण सांगून ठेवतो ताई, अधू जनावर सांभाळणं दिसतं तेवढं सोपं नसतं. महिन्याभरात तुम्हीच फोन कराल.

आत्या : केला तर उचलू नका.

मुलगी : गेला. टेम्पो सुरू झाला.

आत्या : तू पण पिशवी भर. बापाला फोन लाव. सायकल घेऊन जा, शब्द दिलाय मी.

मुलगी : आणि उद्या पेट्या कोण नेणार?

आत्या : बघेन मी.

मुलगी : काय बघशील? तुझा एक हात, तिचा एक डोळा. दोघी मिळून चरात जाल.

आत्या : मघाशी तूच घरी जायला निघाली होतीस.

मुलगी : वैतागले होते. अजून वैतागलेलीच आहे. तुझ्यावर पण. उद्यापासून मी चराच्या बाजूनं चालणार, म्हणजे तिला तिकडे जाताच येणार नाही. मी पडले तर पडले. बादली उजवीकडे. आणि डावीकडून जाताना लांबूनच बोलत जायचं, तिला कळायला हवं कोण आलंय.

आत्या : गाढविणीशी बोलायचं तरी काय?

मुलगी : मी तुझ्या तक्रारी करते. तुझं तू बघ.

आत्या : हात दे मला. प्लॅस्टरच्या बाजूनं नको, इकडून दे. उठव.

मुलगी : काठी आणू?

आत्या : नको.

मुलगी : हळू. अजून जवळ नको जाऊस. आधी बोल.

आत्या : मी आहे गं. इकडून येतेय.