पोलीस ठाण्याच्या जनरेटरवर शिजलेलं बीफ

मी, नामे रसेल नॉरिस हॅकिट ऊर्फ रस, वय ६८ वर्षे, धंदा लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हर (आता निवृत्त), रा. चर्चमागे, टॅलोज क्रीक, टास्मानिया, ठाण्यात समक्ष हजर आहे, खरं तर दुपारपासूनच हजर आहे, आणि विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी ग्लेनिस हिच्यासह राहतो. खुब्याच्या ऑपरेशनमुळे ती दोन आठवडे होबार्टच्या हॉस्पिटलात होती. आज तिला सोडणार होते. आमची मुलगी लीअ‍ॅन हिचं म्हणणं, "बाबा, तुला साधं अंडं उकडता येत नाही. आई दोन महिने माझ्याकडे राहील." शेवटी असं ठरलं, की संध्याकाळी दोघी आधी घरी येतील. माणसाने खावं असं गरम जेवण टेबलावर असलं तर ग्लेनिस थांबेल, नाहीतर तिची बॅग गाडीतून उतरणारच नाही. रिकाम्या घराची मला सवय नाही. मला ती घरी हवी होती.

सकाळी मी बीफचे तुकडे पिठात घोळून तव्यावर लाल केले आणि कांदा, गाजर, बटाटे, शलगम व काळी बिअर यांच्यासकट ग्लेनिसच्या स्लो कुकरमध्ये, म्हणजे विजेवर तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या भांड्यात, भरले. तिने फोनवर बजावलं होतं, "मंद आचेवर ठेव आणि झाकणाला हात लावू नकोस. एकदा उघडलंस की अर्धा तास वाया." मी हात लावला नाही.

दुपारच्या जेवणाच्या सुमारास वाऱ्याने तारांवर झाड पडलं आणि गावाची वीज गेली. काचेच्या झाकणातून पाहिलं तर रस्सा अजून हललासुद्धा नव्हता. घरी लाकडाची शेगडी आहे, पण कुकरचं मातीचं भांडं तिच्यावर तडकलं असतं, आणि दुसऱ्या पातेल्यात ओतायचं तर झाकण उघडावं लागलं असतं. गावात जनरेटर एकच, पोलीस ठाण्याचा. मी कुकर टॉवेलात गुंडाळला, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावला आणि इथे आणला.

ठाण्याच्या एकट्या अंमलदार, सीनियर कॉन्स्टेबल टॅश बरिज, झाड हटवायला गेल्या होत्या. मागच्या दाराची चावी गमबुटात असते हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. मी आत जाऊन किटलीची पिन काढली आणि कुकरची लावली. दार उघडल्याने धोक्याची घंटा थेट होबार्टच्या मुख्य कार्यालयात वाजली, म्हणून हा जबाब.

बरिजबाई परतल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मांस कुठलं?" मग म्हणाल्या, "रस, हे पोलीस ठाणं आहे, तुमच्या मावशीचं स्वयंपाकघर नाही." मी म्हणालो, "मावशीकडे जनरेटर नाही." माझी उलट तक्रार आहे की, जबाब घेताना "पुरावा तपासते" असं म्हणत त्यांनी दोनदा झाकण उघडलं. हे लिहून घ्यायला त्या तयार नव्हत्या. मी अडून बसलो, म्हणून लिहिलं.

तेवढ्यात लीअ‍ॅन दारात आली. घरी काळोख पाहून तिने शेजारी विचारलं होतं, तर ते म्हणाले, रसला पोलिसांनी धरलंय. ती म्हणाली, "झालं! दोन आठवडे एकटा सोडला, तर बाप आत!" मागून ग्लेनिस वॉकर टेकत आली आणि आरोपीच्या खुर्चीत बसली. मी वाडगा भरून तिच्यापुढे ठेवला.

तिने एक घास खाल्ला. मग दुसरा.

"झाकण कोणी उघडलं?"

मी कॉन्स्टेबलकडे पाहिलं. कॉन्स्टेबलनी छताकडे पाहिलं.

"बटाटा अजून कच्चा आहे," ग्लेनिस म्हणाली. लीअ‍ॅनने गाडीची किल्ली हातात घेतली.

"आणखी तासभर तरी लागेल," ग्लेनिस म्हणाली. "लीअ‍ॅन, थांबतेस कशाला? माझी बॅग बाबाच्या गाडीत टाक."

हा जबाब कॉन्स्टेबल बरिज यांनी मला वाचून दाखवला. त्यांच्या तोंडात घास असल्याने दोन ओळी पुन्हा वाचाव्या लागल्या. मी सांगितलं तसाच तो लिहिला आहे व खरा आहे. बॅग त्यांनीच उचलून माझ्या गाडीत ठेवली, सबब झाकणाची तक्रार मी मागे घेत आहे.

(सही) रसेल हॅकिट