सोमारीच्या नखातली वाटी

...आणि वर हे बाकीचे मास्तर मलाच हसतात! पोरांची नखं पाहायची म्हणजे काय, तर मळ आहे का बघायचं आणि पट्टी मारायची, एवढंच ना? तुम्हाला सांगतो, चोपन्न साली नागपूरहून बी.एस्सी. होऊन मी आलापल्लीपलीकडच्या तळ्याकाठच्या शाळेत मास्तर झालो, ते हेच ओरडत... मळ राहू द्या, नखाकडे बघा हो, नखाकडे! कडेला सूज, पू? नखुरडं! लिंबात बोट खुपसून बसू नका, दवाखाना गाठा. पांढरे ठिपके? पोरं म्हणणार, "गुरुजी, नवे कपडे भेटतेत!" कपडे कसले, बोट ठेचलं असेल कुठेतरी! पण नख मधोमध खोलगट, चमच्यासारखं? तिथे थांबा. अंगात रक्त कमी!

तशी एक सापडली. सोमारी, मासे धरणाऱ्या इस्तारीची चार वर्षांची पोर. पांढरीफटक, माती खायची, चार पावलं चालली की बसायची. मी नखावर पाण्याचा थेंब सोडला... ओघळेचना! "बघा!" म्हणून ओरडलो. तिथेच चुकलो.

अख्खा गाव बघायला आला ना! तिची माय गोकुळा हात जोडून म्हणते, "अगो माय! पोरीच्या नखात गंगामाईची वाटी हाये!" अहो बाई, रक्त नाही तिच्यात! "नसू द्या जी, पाणी तं हाये!" दुसऱ्या दिवसापासून इस्तारी पोरीला खांद्यावर घेऊन तळ्यावर, तिच्या नखातला थेंब जाळ्यावर, मग जाळं पाण्यात... आणि नेमकी त्याच आठवड्यात मासळी अशी लागली, अशी लागली! आता कोण नेतो दवाखान्यात? "काऊन जी गुरुजी, चांगल्या पोरीले बिघडवून राह्यले?" पोर रोज सुकतेय, मी दारोदार ओरडतोय, नखाकडे बघा हो, नखाकडे... आणि सगळे नखाकडेच बघतायत!

शेवटी मी, विज्ञानाचा पदवीधर, खोटं बोललो. "इस्तारीभाऊ, डॉक्टरसाहेबांना वाटीचं दर्शन पाहिजे." लगेच बैलगाडी जुंपली! जंताचं औषध, लोहाचं औषध, सगळं प्रसाद म्हणून पोटात गेलं. पावसाळा सरता सरता पोरगी बांधावरून धावायला लागली... काय ते धावणं! अजून डोळ्यांपुढे आहे. नवं नख सपाट आलं. गोकुळानं थेंब सोडला, घरंगळला. "गुरुजी, वाटी फोडली जी तुमी!"

पुढे माझी बदली झाली. परवा चार वर्षांनी सहज गेलो. वाटलं, कोणी तरी नावानं हाक मारेल. तळ्याच्या पाळीवर आठ वर्षांची एक दणकट पोर उभी. मला पाहिलं आणि वाऱ्यासारखी घराकडे पळाली, "माय वो, वाटीफोड्या आला!"

काय करता? मी ओ दिली.