नाताळची गाणी आणि चाचणीची विंडो

यंदा पुणतांब्याच्या आमच्या चर्चमध्ये नाताळची गाणी इतकी सुरात कशी झाली, विचारताय ना? माझ्या कॉम्प्युटरमुळे. हसू नका, चहा सांडेल.

गाण्यांचं पुस्तक छापायला जायचं होतं. टायपिंग माझ्याकडे. त्याच दिवसांत मी टेक्स्ट एडिटरला जोडायची एक्स्टेंशन्स, म्हणजे छोटे जोड-प्रोग्राम, लिहायला शिकत होतो. पहिलंच एक्स्टेंशन केलं, फाइलमधल्या रिकाम्या ओळी काढणारं. ते तपासायला एडिटर एक वेगळी विंडो उघडून देतो. मला वाटलं, विंडो चाचणीची, म्हणजे आतलं सगळंच लुटुपुटूचं. बिनधास्त गाण्यांची फाइल उघडली, बटण दाबलं, सेव्ह करून बंद केली.

फाइल खरीच होती! एकूण एक रिकामी ओळ गेली, सगळी कडवी एकमेकांना चिकटली. आणि कॉपी काढलेलीच नव्हती.

गायनमंडळाच्या मार्थामावशींकडे गेलो, तर म्हणाल्या, "रडतोस कशाला? आमी गातो. नुसती ढोलकी वाजली की कडवं संपलं समज."

त्यांनी झाडून सगळ्यांना बोलावलं. मंडळी गायची, मध्ये ढोलकी वाजली की मी एंटर मारायचो. एकही गाणं सुटलं नाही.

पुस्तक वेळेवर छापून आलं. आभार मानायला गेलो, तर मावशीच हात जोडून उभ्या! "बाबा, सरावाला बोलवून मानूस येत न्हाई. तुझ्यामुळं सगळे आले."

आता मी चाचणीला खोटी फाइल वापरतो. मावशींना मात्र हे सांगितलेलं नाही.