आजारी रानातली एक्केचाळिसावी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मका संशोधन केंद्राचे प्रमुख डॉ. रविराज सर, राहात्याहून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे, शेतकरी गोरक्षनाथभाऊ, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती बनुबाई, त्यांच्या सूनबाई पूजा, माझे सहकारी आणि शेतावरच्या माझ्या मैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. लागतील थोडी जास्त. हे भाषण मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत बनुबाईंचं कौतुकच कौतुक होतं आणि वाचताना माझीच मला लाज वाटली. हे चौथं.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. मक्यावर करपा नावाचा बुरशीचा रोग येतो. गार, ओलसर हवा मिळाली की पानांवर होडीच्या आकाराचे राखाडी ठिपके पडतात, ते एकमेकांत मिसळतात आणि पान जळाल्यासारखं दिसतं. कोणतं वाण या रोगापुढे टिकतं हे शोधायचं, तर सगळ्या वाणांना तो मुद्दाम लावावा लागतो. म्हणून आपल्याकडे जमिनीचा एक तुकडा रोग जोपासण्यासाठीच ठेवलेला आहे. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. बायका त्याला आजारी रान म्हणतात. मागच्या हंगामातली रोगट पानं वाळवून कुटायची, तपकिरीसारखी पूड करायची, आणि मका गुडघाभर झाला की प्रत्येक रोपाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, तिची चिमूट टाकायची. तीही संध्याकाळी, म्हणजे पुढे दव मिळतं. आपल्या केंद्रात तेवीस वर्षं ही चिमूट बनुबाईंच्या बोटांची होती. एकेका वाणाची एकेक ओळ; आणि त्यांच्या मागून चालत, झालेल्या प्रत्येक ओळीपुढे शेतवहीत खूण करायची, हे काम माझं.

नऊ वर्षांपूर्वीच्या खरिपातली एक संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबला होता. पोंग्यांत पाणी साचलेलं, आणि प्रत्येक पोंग्यात आभाळाचा एवढासा तुकडा. बनुबाई वाकून पुढे सरकत होत्या. लांबून वाटत होतं, ही बाई एकेका रोपाच्या कानात काही सांगते आहे आणि रोपं ऐकून घेत आहेत. मी रोजनिशी लिहिते, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. मी लिंबाखाली बसले आणि त्या आभाळाबद्दल लिहीत राहिले. किती वेळ, ते कळलं नाही. ते पान अजून आहे माझ्याकडे, आणि खोटं कशाला बोलू, पान चांगलं उतरलं आहे. अंधारून आलं तेव्हा शेतवही उघडली आणि साठ ओळींपुढे एका दमात साठ खुणा करून टाकल्या.

दीड महिन्यानं आजारी रान करपून तपकिरी झालं. मधोमध एक ओळ मात्र हिरवी. एक्केचाळिसावी. वारा आला की बाकीची पानं कागदासारखी वाजायची आणि ही ओळ नुसती हलायची. मी रोज तिच्यापाशी जाऊन उभी राहायचे. दुपारी डोळे मिटले तरी राहात्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तीच हिरवी पानं दिसायची. वाणाचं नावसुद्धा मनात ठरलं होतं. ते आज सांगत नाही. एकाच ओळीवर एवढं भुलायला नको होतं, हे आता कळतं. पण कणसं काढली, बी वेगळं ठेवलं, आणि पुढच्या हंगामात तीन शेतकऱ्यांकडे चाचणीला द्यायचं ठरलं. पहिलं नाव गोरक्षनाथभाऊंचं.

त्या आनंदात मी पेढे आणले. बनुबाईंनी हात पुढे केला नाही.

शेजारी शेतावरच्याच रतनबाई होत्या. त्या म्हणाल्या, "का गं बने, तुला शुगर झाली व्हय? दे इकडं, मी खाते."

"तू खा की. मला न्हाई जायचा घशाखाली." मग माझ्याकडं वळून बनुबाई हळूच म्हणाल्या, "ताई, ती वळ म्या सोडली हुती."

"सोडली म्हणजे?"

"पूड न्हाई टाकली तिला. पूजाला सातवा लागला हुता तवा. म्हनलं, घरात लेकरू यायचं हाय, आन् आपुन सांजच्याला समद्या रानाला आजार वाटत फिरतोय. एक वळ तरी हातानं धड ऱ्हाऊ द्यावी. मला काय ठावं, तुमी तिचंच पेढं वाटाल!"

त्या वर्षी पुढे पाऊस उघडला, म्हणून शेजारचा रोगही त्या ओळीवर चढला नव्हता. एवढंच होतं त्या हिरवेपणात.

मी म्हणाले, "पण वहीत तर खूण आहे."

"वहीतलं मला न्हाई कळत. तुमी लिंबाखाली बसला हुता, एवढं दिसलं."

मंडळी, त्या दिवशीच मी साहेबांकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. महिन्याभरात माझी बढतीची मुलाखत होती, आणि खोटी खूण माझ्या हातची होती. अकरा दिवस गेले. माझ्या रोजनिशीत ते अकरा दिवस कोरे आहेत. बनुबाई रोज विचारायच्या, "ताई, सांगितलं का? त्या मान्साचं रान जाईल की वो!" बाराव्या दिवशी त्याच गेल्या तेव्हाच्या साहेबांकडे. बी थांबलं. साहेबांनी विचारलं, "तुमच्यावर लक्ष कोण ठेवत होतं?" मी तिथेच उभी होते. बनुबाई म्हणाल्या, "कोन न्हाई, साहेब. माजीच चूक हाय."

आणि मी गप्प राहिले.

त्यांना एक हंगाम कामावरून बंद केलं. कायम करायच्या यादीतून नाव गेलं, ते तीन वर्षांनी परत आलं. फायलीत कागद लागला: कामात हलगर्जी. मला बढती मिळाली. पुढच्या खरिपात ते बी आम्ही आजारी रानात पुन्हा लावलं, सगळ्या ओळींना नीट पूड टाकून. एक्केचाळिसावी इतरांसारखीच करपली. गोरक्षनाथभाऊ, बी दिलं नाही म्हणून तुम्ही फोनवर मला लई बोलला होतात. तुमचा दीड एकर मका कुणामुळे वाचला, ते आज तुम्हाला कळलं.

रविराज सर, आज सकाळी मी आपल्या टेबलावर एक पत्र ठेवलं आहे, सोबत शेतवहीच्या त्या पानाची प्रत. बनुबाईंच्या फायलीतला तो शेरा काढावा आणि माझ्या फायलीत लावावा, अशी लेखी विनंती आहे. हे इथे बोलते आहे, कारण नुसतं पत्र मी कदाचित उद्या परत मागितलं असतं. माझी मला खात्री नाही.

बनुबाई, तुमच्या निरोपाच्या दिवशी मी माझंच ओझं उतरवून घेतलं का, हा प्रश्न मला पडला आहे. घरी गेल्यावरही पडेल. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपली आभारी आहे. भाषण लांबलं, काही कमी-जास्त बोललं गेलं असेल, ते सभागृहानं पोटात घालावं. त्या खुणेची आणि त्या गप्प राहण्याची माफी मात्र एकट्या बनुबाईंकडे मागायची आहे. चारचौघांत विचारलं तर त्या हो म्हणतील, मला माहीत आहे. म्हणून मावशी, आज काही बोलू नका. मी तुमच्या घरी येते.