वांगं सोडायचं, ते गाणं सोडलं

...आणि वर मलाच विचारतात, "रमा, पण तू उभी राहिलीसच कशाला?" आता तुम्हीच सांगा, माणूस काय ठरवून उभं राहतं? अहो, रोडपालीहून रिक्षात बसले तेव्हा डोक्यात एवढंच, की दुपारचा प्रयोग आहे, पाचला सुटेल, दिवेलागणीला पनवेलहून घरी परत! पास आणले शोभाने. शोभा म्हणजे आमच्या शेजारची, भजनी मंडळात टाळ वाजवते. मंडळात मीही आहे, पण प्रसाद वाटायला. गात नाही. का ते सांगते, पण नेम म्हणजे नेम!

तर नाट्यगृहाच्या दारात पाटी, 'एकटीचा कॅबरे'. मी शोभाचा हातच ओढला! "शोभा, अगं आज माझा शुक्रवार!" तर म्हणते कशी, "वहिनी, शुक्रवारी आंबट चालत नाही. कॅबरे चालत नाही असं कुठल्या पोथीत लिहिलंय?"

जागा मिळाली तीही पहिल्या रांगेत! मी पदर घट्ट धरून, डोळे अर्धे मिटून, ओठांत देवीचं नाव... पडदा उघडला, आणि काय सांगू तुम्हाला! एक बाई. एकटी. चाळिशीची, अंगाने भरलेली, चमचमता काळा पायघोळ गाऊन, केसांत अबोलीचा गजरा, मागे एक पेटीवाला, बास. दमयंती नाव, उरणच्या कोळ्यांची. म्हटलं, आता ही पाय उडवणार! कसलं काय, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आमी सगल्या बाया लय शूर हाव, नाय का? मंग न्हाणीत नल सोडून रडतंय कोन?" अख्खं नाट्यगृह हसलं... आणि हसता हसता गप्पच झालं. सगळ्यांच्याच न्हाणीत नळ आहे ना!

मग गायली. समुद्रावर गेलेल्या होडीची वाट बघणाऱ्या आईचं गाणं, दवाखान्यातल्या थंडगार टेबलावर उघडी पडून छताकडे बघत राहिलेल्या बाईचं गाणं... आवाज कसा, तर गाभाऱ्यातली घंटा थांबली तरी नाद अंगात राहतो ना, तसा! माझे हात जोडलेले होते हो, आणि मला पत्ताच नाही!

आणि एकदम खाली उतरली, माइक घेऊन. "बायांनो, तुमी काय सोडलं, जे कुनाला कललंच नाय?" आणि माइक कोणापुढे? माझ्यापुढे!

आता ऐका. बावीस वर्षांपूर्वी आमचा अथर्व चार वर्षांचा, तापाने फणफणलेला, अकरा दिवस उतार नाही. चातुर्मास होता. बायका वांगं सोडतात, कांदा सोडतात. वांगं मला मुळातच आवडत नाही, मग देवीला फसवू कशी? म्हटलं, आई, मला आवडतं तेच घे. गाणं सोडलं. ताप उतरला! चातुर्मासही संपला, पण घाबरलेली मी, मुदत बोललेच नव्हते. आणि नेम म्हणजे नेम! देवीबद्दल तक्रार नाही हो. पण बावीस वर्षांत घरात एकानेही विचारलं नाही, की तू गायची थांबलीस का... एकानेही नाही.

मी माइकमध्ये म्हटलं, "गाणं." एवढंच. दमयंती वाकली, हळूच म्हणाली, "मावशी, देवीनं ते नेलं, का तुमच्यासाठी जपून ठेवलंय? मागून तर बघा!"

आणि मी उभी राहिले. अथर्वला झोपवायचे ती अंगाई... पहिली ओळ फाटली, दुसरीला सूर सुटला, तिसरीला पेटीवाल्याने माझी पट्टी शोधली, आणि मागून सगळ्या बायका गुणगुणायला लागल्या! शोभा रडतेय, "वहिनी, आणि आम्ही तुमच्या हातात प्रसादाची परात दिली हो!"

खाली बसले आणि एकदम ध्यानात आलं. नेम मोडला! धावत बाहेर आले, अथर्वला खारघरला फोन. "तुला ताप आहे का?" "आई, मी मीटिंगमध्ये आहे." "कपाळाला हात लावून बघ!" "नाहीये ताप, आई! झालंय काय?" नाही म्हणाला हो... नाही! तिथेच पायरीवर बसून देवीला हात जोडले. ठेवलं होतंस गं जपून!

घरी यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुला गाण्याचा कंटाळा आला."

आता भाकरी थापताना गाते, वाती वळताना गाते. सूर अजून हलतो, मान्य. पण परवा काय झालं माहितीये? देवघराकडे कधी न फिरकणारा हा माणूस, चक्क देवीपुढे उभा राहून नवस बोलला! "हिचा सूर पूर्वीसारखा लागू दे, अकरा मंगळवार कडक उपास!" मला तर भरूनच आलं...

तर आज पहिला मंगळवार. सकाळपासून पोटात कण नाही. माझ्या! करणार काय? यांना पित्त होतं.