बाळंतघराची पाटी

गोपिका : वाचा न, वकीलसाहेब, थांबले काहून? तेच नाव पुन्हा एक डाव वाचा. माह्या कानाले खरं नाही वाटून राहिलं.

वकील : "...आम्हा उभयतांच्या पश्चात आमचे हे नागपुरातील राहते घर, मागील विहिरीसह, गोरगरीब स्त्रियांच्या बाळंतपणासाठी धर्मादाय द्यावे, आणि तेथे चालणाऱ्या बाळंतघरास 'कै. प्रयागबाई स्मृती प्रसूतिगृह' असे नाव..."

गोपिका : बस. ठेवा ते कागद खाली.

वामनराव : आता काय झालं वं? दिवाळीपासून आपण हेच बोलून राहिलो. घर दानात द्यायचं तूच म्हटलं होतं.

गोपिका : घर द्याचं मी म्हटलं. बाळंतघर कराचं मी म्हटलं. लतिका डॉक्टरनीच्या घरी चकरा मीच मारल्या, बाळंतघर चालवाले तिले 'हो' म्हनाले मीच लावलं. हे नाव कोनं म्हटलं? सासूचं नाव?

वामनराव : माय होती माही. पोरानं मायचं नाव ठेवलं तं काय गुन्हा केला?

गोपिका : अन् शामला कोन होती? तुमची कोनी नोती का?

वामनराव : शालिकरामजी वकील बसले आहेत समोर. जरा भान ठेव.

गोपिका : बसले हायेत म्हनूनच सांगून राहिली. सही त्यायच्यासमोर पायजे न माही? मंग सही काहून नाही, ते बी त्यायच्यासमोरच आइका.

वकील : मी हवं तर अंगणात थांबतो. तुम्ही दोघं बोलून घ्या, वहिनी.

गोपिका : बसा भाऊ. अंगनात बी आइकू येईन, मी हळू बोलनार नाही आज. तुमाले मालूम हाय का, आमची शामला कशी गेली ते?

वकील : बाळंतपणात गेली एवढं ऐकलं होतं. मी तेव्हा जबलपूरला होतो. एकुलती एक मुलगी, फार वाईट झालं.

गोपिका : बाळंतपनात नाही गेली. दारात गेली. हे तुमच्या पाठीमागचं दार हाय न, या दारात.

वामनराव : पुरे न आता.

गोपिका : चार वर्साआधी ते मोठं सूर्यग्रहन लागलं होतं, आठोते? भर दुपारी सारं नागपूर खिडक्या लावून घरात बसलं होतं. पोरीले सकाळीच कळा सुरू झाल्या. सुईन आली, पोटाले हात लावला अन् उठून उभी राहिली. म्हने, लेकरू आडवं हाय, माह्या हातचं काम नाही, मेडिकलच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता न्या. मी पोरीले लुगडं गुंडाळून दारापावतर आनली. अन् दारात सासू, यायची माय.

वामनराव : तिनं मुद्दाम केलं का? जुन्या वळणाची बाई होती. तिले जे शिकवलं तेच तिनं केलं.

गोपिका : कडी लावली अन् उंबरठ्याले आडवी बसली. म्हने, वेध लागले, आता पोटुशी घराबाहेर निघत नाही. पोरगं फाटक्या ओठाचं होईन. मी पाया पडली तिच्या. मी म्हटलं, फाटक्या ओठाचं तं फाटक्या ओठाचं होऊ द्या, जित्तं तं होईन! हालली नाही. ग्रहन सुटू दे, म्हने.

वकील : आणि शेजारपाजारचं कोणी...

गोपिका : शेजारपाजारचे आपापल्या घरात जप करून राहिले होते. मंग मी सासूच्या आंगावरून टांग टाकली, भाऊ. साऱ्या जन्मात कधी वडील मानसाले पाय लागू नाही दिला, त्या दिवशी ओलांडून गेली. कडी काढली अन् सडकेवर पयत सुटली. सक्करदऱ्याच्या चौकात एक रिक्षा नाही, एक टांगा नाही. कुत्रं नोतं सडकेवर. एक रिक्षावाला दरवाजा लावून झोपला होता, त्याले शिव्या देऊन देऊन उठवला. घेऊन आली तवा लोकायच्या आंघोळी सुरू झाल्या होत्या. ग्रहन सुटलं होतं. पोरगी बी सुटली होती. पोटातलं लेकरू पोटातच.

वामनराव : मी घरी असतो तं असं झालं नसतं.

गोपिका : तुमी कुठं होते ते सांगा न वकीलसाहेबाले! कन्हान नदीच्या पान्यात. ग्रहनाची आंघोळ कराले गेले होते, पुन्य कमवाले. ओला पंचा खांद्यावर टाकून आले अन् पहिले कोनाजवळ बसले? मायजवळ. माय रडून राहिली म्हनून.

वामनराव : तिचीही नात होती वं! तिच्याच मांडीवर मोठी झाली. त्या दिवसानंतर माय हसली का कधी? तोंडात गोड घातलं का? तू तिच्यासंगं बोलत नव्हती, तिनं कधी चकार शब्द काढला नाही. जातानी माहा हात धरून म्हणे, वामन, माह्या हातून लय वाईट झालं रे, काही तरी कर. अन् मी करून राहिलो तं तू असं तोडून टाकतं!

गोपिका : तुमाले म्हटलं.

वामनराव : हो, मले म्हटलं. माहे डोळे भरून आले होते.

गोपिका : मले काहून नाही म्हटलं? आजारपनात तिचं हागनं-मुतनं कोनं काढलं? मी. तिच्या तोंडात पेज कोनं घातली? मी. रोज तिच्या उशाशी बसून वाट पाहिली मी, आज म्हनन, उद्या म्हनन. गोपिका, चुकलं माहं. एवढे दोन शब्द. लेकाले म्हटलं, सुनेले नाही म्हटलं. अन् आता माह्या सहीनं तिचं पाप धुवाले निघाले तुमी. तेही कुठं? बाळंतिनीच्या दारावर! ज्या बाईनं बाळंतिनीले दार नाही उघडलं, तिचं नाव त्याच दारावर सोन्याच्या अक्षरात!

वामनराव : हे मकान मायनं उभं केलं आहे, ध्यानात ठेव. कन्हानचं तिचं वावर विकलं अन् मंग आपण भाड्याच्या खोलीतून इथं आलो. ज्याची वस्तू त्याचं नाव, ही जगाची रीत आहे.

वकील : वामनरावजी, वहिनींचा राग रास्त आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनंही सांगतो, घर दोघांच्या नावावर आहे. वहिनींच्या सहीशिवाय संपूर्ण घर देता येणार नाही. माझी सूचना अशी, की सरळ मुलीचं नाव द्यावं. तिच्यासाठीच तर हे सगळं चाललंय ना?

गोपिका : आता बोला.

वामनराव : नाही देता येत.

गोपिका : काहून नाही देता येत? वकीलसाहेबाले सांगा. मले जे आंधारात सांगतलं ते इथं उजेडात सांगा.

वामनराव : जिद करू नको.

गोपिका : मीच सांगतो मंग. यायचं म्हननं हाय, बाळंतपनात मेलेली बाई, तिचं नाव वाचून कोनी पोटुशी पाय ठेवनार नाही आत. म्हनजे कोन झाली माही पोर? हडळ झाली! बापाच्या तोंडून!

वामनराव : मी हडळ म्हटलं नाही. लोक म्हणतीन असं म्हटलं. उमरेडहून, काटोलहून बाया येतीन, त्यायच्यासंगं सासवा राहतीन. त्या इचारल्याशिवाय राहतीन का? खाली चार खाटा टाकायच्या अन् त्या रिकाम्या राहू द्यायच्या, मंग घर देऊन फायदा काय?

गोपिका : लोक! तिरडी उचलली तवा मांगून मोहऱ्या कोनं फेकल्या? लोकायनं? तुमच्या मायनं! पदराचा ओटा भरून मोहऱ्या घेतल्या अन् घाटाच्या रस्त्यावर पेरत गेली चौकापावतर. मालूम हाय न वकीलसाहेब, काहून पेरते ते? मेलेली बाळंतीन घरी वापस याले निघाली, तं मोहऱ्या येचत बसते, येचता येचता उजाडते, अन् तिले घर सापडत नाही. जित्तेपनी दारातून बाहेर जाऊ नाही देल्लं अन् मेल्यावर दारातून आत येऊ नाही देल्लं. उंबरठ्यात खिळे ठोकले ते तुमी ठोकले का नाही, सांगा! तुमच्या हातानं!

(गोपिकाबाईंचा आवाज शेजारच्या मोरीपर्यंत पोचला असणार, कारण तिकडचं धुणं आपटायचं थांबलं आहे. वामनराव खिडकी लावायला उठतात. एक फळी ओढतात, मग तशीच सोडून परत येऊन बसतात. लाज कोणाची झाकायची, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नाही.)

वामनराव : ठोकले. माय म्हणे, ठोक. ठोकले.

गोपिका : बस. मले अजून काही बोलाचं नाही. जावयानं सुतक फिटलं न फिटलं अन् दुसरी बायको केली, त्याले मी काही नाही म्हटलं. लोकाचं पोरगं. तुमी तं बाप होते.

वामनराव : तं मंग जाऊ दे! नाही द्यायचं घर. चंद्रभान माह्या सख्ख्या भावाचा पोरगा आहे, त्याच्या नावानं करतो माहा हिस्सा. तो तरी काकाच्या शब्दाले मान देईन.

गोपिका : द्या न! आजच द्या. तो खाली देशी दारूचं दुकान टाकीन अन् दारूच्याच दुकानाची पाटी लावीन. खोटी पाटी तं नाही लावनार.

वकील : रागाच्या भरात मृत्युपत्रं लिहू नयेत. माझ्याकडे अशी बरीच येतात आणि मग कोर्टात जातात. मधला मार्ग काढू. दोन्ही नावं घालू या. 'कै. प्रयागबाई आणि कै. शामला स्मृती प्रसूतिगृह'. सासूबाईंचा मान राहील, मुलीचं नावही...

गोपिका : मांगच न? सासूच्या मांगं? अजून बी तिच्या पाठीमागंच उभी ठेवता माह्या पोरीले, भाऊ?

वकील : चुकलो, वहिनी.

वामनराव : अन् भेव तं तेच राहिलं. नुसतं शामलाचं नाव लिहा, नाही तं दोघींचं लिहा, पाटीवर पहिले 'कै.' येईन. वाचणारी इचारीन, केवढी होती, कशानं गेली? अन् मोहल्ल्यातली कोणी ना कोणी सांगीन.

गोपिका : मंग 'कै.' लिहू नका.

वामनराव : काय?

गोपिका : ते 'कै.' लिहू नका. नुसतं 'शामला'. अन् ते 'स्मृती' बी काढून टाका. 'शामला प्रसूतिगृह'.

वकील : तसं लिहीत नाहीत, वहिनी. व्यक्ती हयात नसेल तर नावाआधी...

गोपिका : कायद्यात हाय का?

वकील : कायद्यात नाही. तसा रिवाज आहे.

गोपिका : रिवाजानंच मारली माही पोरगी. माह्या कागदावर रिवाज नका लिहू. अन् हे बी लिहा. ग्रहन असो, अमावशा असो, सुतक असो का सन असो, या घराचं दार कोन्या बाळंतिनीले बंद होनार नाही. जो बंद करन, त्याच्या हातात घर राहनार नाही.

वकील : थांबा, लिहितो. "...ग्रहण, अमावास्या, सोयरसुतक अथवा सण, या अगर अशा कोणत्याही कारणास्तव बाळंतघराचे दार बंद ठेवू नये. तसे केल्यास विश्वस्तांचा अधिकार संपुष्टात येईल." हे चालेल?

गोपिका : चालन. आता नावाचं यायले इचारा.

वकील : वामनरावजी?

वामनराव : मायचं नाव कुठंच नाही राहणार मंग.

गोपिका : तुमच्या मनात राहू द्या. तुमची माय हाय, मी तुमच्या मनातून काढाले नाही सांगून राहिली. मले तिचं नाव दारावर नाही पायजे. मी मेल्यावर बी नाही पायजे.

वामनराव : तू तिले कधी माफ नाही करणार.

गोपिका : नाही. खोटं काहून बोलू? तिनं मागतलं असतं तं पाहिलं असतं. आता मागनारी बी नाही अन् मले देनं बी नाही.

वकील : मी आज जातो. उद्या, परवा, सावकाश ठरवा. घाई नाही.

वामनराव : बसा शालिकरामजी. घाई आहे. उद्या मी पुन्हा मायचा होऊन जाईन. आताच लिहा.

वकील : काय लिहू?

वामनराव : ती म्हणून राहिली तसं. 'कै.' नाही. 'स्मृती' नाही. कोणाच्या बायकोचं, कोणाच्या सुनेचं असंही नाही. नुसतं 'शामला'.

वकील : लिहिलं. इथे तुमची सही. आणि वहिनी, तुमची खाली, इथे.

गोपिका : थांबा जरा. पदराले हात पुसू द्या.

वामनराव : एक सांग. आपण राहणार नाही तवा. एखादी बाई येईन, पहिलटकरीण, भेलेली. पाटी वाचीन. अन् लतिकाबाईले इचारीन, बाई, ही शामला कोण? तिनं काय सांगावं?

गोपिका : सांगावं, घरची लेक हाय. बाळंतपनाले माहेरी आली हाय.